पेडण्याचं घर, मागची खोप

सर्वण, डिचोली
७ जानेवारी २०२४

ती. शिवदासदादास,
गौरवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

पेडण्यात एक घर बघून आले. शाळेतून निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतून ते घ्यावं आणि भाड्याने द्यावं असं मनात आहे. मोपाच्या विमानतळावर कामाला येणाऱ्या मुली खोल्या शोधत हिंडतात. घर कौलारू, चार खोल्यांचं. दारापुढच्या बाल्कांवातल्या बाकावर बसले तर उठवेना. साठी आली, पण एका स्कूटरशिवाय माझ्या नावावर काही झालेलं नाही.

मालक कृष्णनाथ पुण्याला असतात, तीस वर्षांत फिरकलेले नाहीत. तरी घर लख्ख. अंगणात एक म्हातारी झाडत होती, ती झाडूवाली असं दलाल सागर म्हणाला. फेब्रुवारीअखेर हो-नाही सांगायचं आहे. काय काय बघू?

वहिनीला नमस्कार. या धाकट्या बहिणीवर लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी,
गौरवी

वास्को
१५ जानेवारी २०२४

चि. गौरवीस अनेक आशीर्वाद.

या वयात घरादाराची मालकीण, भाटकारीण व्हायला निघालीस, हे ऐकून तुझी वहिनी शीतल म्हणते, भाडं गोळा करायला मला ठेव.

मी पहिला फ्लॅट घेतला तो नुसती फरशी बघून. पावसात छत गळलं आणि भाडेकरू रोज दारात. तू दलालाशिवाय जा. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढ आणि त्यात मालकाखेरीज कुणाचं नाव आहे का ते बघ. शिवाय त्या म्हातारीला विचार, ती झोपते कुठे. तीस वर्षं बंद असलेलं घर आपणहून लख्ख राहत नाही.

तब्येत सांभाळ, रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
दादा

सर्वण
२८ जानेवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. उताऱ्यावर दुसरं नाव आहे, यशोदा. तीच ती झाडणारी म्हातारी, मागच्या खोपीत राहणारी मुंडकार. तिच्या सासऱ्याला जमिनीच्या मालकाने, भाटकाराने तिथे बसवलं होतं, त्यामुळे कायद्याने तिला कुणी उठवू शकत नाही. सागर मात्र म्हणतो, थोडे पैसे दिले की जाईल.

यशोदाबाईंनी मला घर दाखवलं. कुठला वासा कुठल्या साली बदलला, कुठल्या जनेलातून पाऊस आत येतो, सगळं तोंडपाठ. दर वर्षी पावसाआधी स्वतः शिडी लावून कौलं परततात. वय चौऱ्याहत्तर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नाहीत. मी विचारलं, कशासाठी? त्या म्हणाल्या, "घर पडताना बघवणा नाय, बाय."

दादा, मी थक्क होऊन वर वाशांकडे बघत राहिले. ज्यांचं काहीच नाही त्यांनी एवढं सांभाळलं. आता मी विकत घेऊन त्यांना घालवू?

उत्तर लवकर दे, तोवर जीव टांगणीला.

गौरवी

वास्को
२ फेब्रुवारी २०२४

चि. गौरवीस आशीर्वाद.

घालवू नकोस आणि भांडणही विकत घेऊ नकोस. मालकाला बोलावून घे. खोप आणि तिचं अंगण आधी बाईंच्या नावे करून दे, मगच घर घेते, असं सांग. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तो कबूल होईल किंवा होणार नाही. नाही झाला तर निघून ये. घरं पुष्कळ आहेत.

आम्ही दोघं तुझ्या पाठीशी, हे धरून चाल.

दादा

पेडणे
२० जून २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्त्यावरून कळलंच असेल. कृष्णनाथ आले. दिल्लीचं एक गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार होतं, त्यामुळे मी आशा सोडली होती. पण ते घरात शिरले, वर बघितलं आणि एकेका वाशाखाली थांबत सगळं घर फिरले. मग यशोदाबाईंना वाकून नमस्कार केला. एकाच दिवशी दोन खरेदीखतं झाली, एक माझ्या घराचं, एक त्यांच्या खोपीचं.

समोरच्या खोल्यांत कोमल आणि सिद्धी राहतात, विमानतळावर कामाला. पोलिसांत त्यांची नोंद केली, करार केला. नळ, दिवे, कौलं यांवर यशोदाबाईंचं लक्ष, आता पगार घेऊन. मुली मला नाही, त्यांनाच भितात.

खत हातात आलं तेव्हा त्यांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. भाटकाराच्या जमिनीत लावलेला माड भाटकाराचा, म्हणून त्यांच्या घराण्यात कुणी कधी माड लावला नव्हता. काल सकाळी मागे गेले तर खोपीपुढे खड्डा खणून कोंब आलेला नारळ ठेवत होत्या. मला म्हणाल्या, "आता ह्यो माड माझो मां?"

धरायला सात-आठ वर्षं लागतील. मी पाणी आणून दिलं.

दोघंही या, माझ्या घरी या, आणि आहे तेवढीच माया ठेवा.

तुझी,
गौरवी