मी आभार मानले नव्हते

तीर्थरूप आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (समोर असलीस की गुडघ्यांचं कारण सांगून पाया पडू देत नाहीस, पत्रात तरी सरकू नकोस.) नवा चष्मा आला का? आला असेल तर हे स्वतःच वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

तू खुर्ची सोडल्यावर दादाने मला कंपनीच्या संचालक मंडळावर घेतलं, कारण कायद्याला एक बाई लागते. तीन वर्षं मी इमानेइतबारे बसले. परवा मात्र सभेला लवकर पोचले (तिथेच चुकलं) आणि टेबलावर इतिवृत्त दिसलं. सभा अजून व्हायची होती, आणि इतिवृत्त तयार! 'बॉयलरची दुरुस्ती वर्षभर पुढे ढकलण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर. संचालिकाबाईंनी सर्वांचे आभार मानले.' अगं, मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती!

सभेत मी हात वर केला. चिटणिसांना वाटलं मला थंडी वाजतेय, त्यांनी उठून एसी बंद केला. पुन्हा हात वर केला, तर चहा आला. तिसऱ्यांदा उभीच राहिले आणि बॉयलर तपासनिसाचा अहवाल मागितला. अध्यक्षांच्या खुर्चीतून दादा म्हणाला, "घरी बोलू." (घरी तो 'ऑफिसात बोलू' म्हणतो.) अहवाल चिटणिसांच्या खणातून निघाला. वाफ सोडणारी झडप अडकते, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. बॉयलरच्या भिंतीपलीकडे पॅकिंगच्या साठ बायका बसतात, आत्या. मला दरदरून घाम फुटला (एसी बंद होता, हे मान्य). माझा विरोध नोंदवा म्हटलं, तर चिटणीस बिचारे रडकुंडीला आले. टाईप झालेल्या कागदात ओळ घालायची कुठे? शेवटी समासात हाताने लिहिली. ते पाहून बाकीचे दोघे संचालकही चुळबुळले आणि ठराव पुढच्या सभेवर गेला. तेव्हापासून दादा माझ्याशी बोलत नाही. फार वाईट वाटतं गं.

तुझी लाडकी (अजून असेन तर) भाची

ता. क. बाकी सर्व क्षेम. सहज खुशाली विचारायला लिहिलं.

आणखी ता. क. सहज नाही. दादा रविवारी तुझ्याकडे येतोय. मला काढून ती खुर्ची परत तुला द्यायचा त्याचा बेत आहे. चिटणिसांना म्हणाला, "आत्याने अकरा वर्षांत कधी तोंड उघडलं नाही." तुला त्याला नाही म्हणवणार नाही, ठाऊक आहे मला. तर खुशाल हो म्हण, मी खुर्ची सोडते. फक्त सभेत त्या ठरावाला नाही म्हण. त्या साठ जणींतल्या निम्म्या तुझ्याच शब्दावर तिथे कामाला लागल्या आहेत.