झाकण लावलेली दुर्बीण

लेकीच्या बाबांस नमस्कार. देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे.

इथे लेक ठणठणीत आहे, पोटभर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

काल विद्यापीठातल्या तिच्या विभागाने लोकांना दुर्बिणीतून सूर्य दाखवला. मी रोज ज्याला पाणी देते, त्याच्यावरचे डाग तिने शंभरेक माणसांना न कंटाळता समजावून सांगितले. दुपारी ढग आले म्हणून तिने दुर्बिणीला झाकण लावलं. तेवढ्यात तिचे मार्गदर्शक सर पाहुण्यांना घेऊन उगवले. फोटोपुरता डोळा लावला आणि म्हणतात कसे, "वा! काय ठसठशीत डाग आहेत!" पाहुण्यांनीही डोकावून माना डोलावल्या. मला तर शिसारीच आली.

लेक म्हणाली, "सर, झाकण लावलंय."

आता प्रबंधावरची सरांची सही लांबणार म्हणून ती धास्तावली आहे. "सही होईपर्यंत मान खाली घालून राहा," हे आपण दोघांनीच तिला पढवलं होतं. त्या सरांइतकीच मला आता आपल्या त्या शिकवणीची किळस येते. रविवारी फोनवर तिला पुन्हा तसं सांगू नका.

आणि पत्र मिळाल्यावर दुसऱ्या सकाळी सूर्याला तिच्या नावाने एक ओंजळ जास्त द्या.

तुमच्या लेकीची आई