फळकुटावरचा नायक

रचनाच्या बाबांना श्रीवर्धनहून नमस्कार.

लेक बरी आहे, आठवा महिना सुखाने चाललाय. दोन वेळा जेवते, म्हणजे मी समोर बसले तर. तुम्ही जेवता ना? सुकट फळीवर उजव्या हाताच्या डब्यात आहे, सगळं घर उपसत बसू नका.

जावयांची बोट अजून आली नाही. निघताना सहा दिवसांचा बर्फ भरला होता, आज नववा दिवस. मासळी नासेल, एवढंच. बरोबरच्या बोटी मात्र परवाच बंदराला लागल्या.

पोरीचं मन रमावं म्हणून घरी सिनेमे लावते. एकेक थोर! काल एक नायक बोट बुडाल्यावर पाच दिवस फळकुटावर तरंगला. ना दाढी वाढली, ना भांग मोडला. मी म्हटलं, "तेल कुठलं लावतो मेला? तुझ्या बाबांना घेऊ या."

रचना हसली. मग हळूच म्हणाली, "आई, खऱ्या माणसाला किती दिवस तरंगता येतं गं?"

मी म्हटलं, "गप सिनेमा बघ."

फोन करू नका. वाजला की ती पोट धरून धावते, आणि तुमचा आवाज ऐकून मटकन खाली बसते. म्हणून शेजारची विमल अलिबागच्या एसटीने निघालीय, तिच्या हाती हे पत्र. वाचलंत की निघाच.

आज सकाळी रचनाने तोच सिनेमा पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला मी भांगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
नीरा