शेजारची सीट

सोमवार, ता. ३

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक, गुडघा ठीक नाही, हॉस्पिटलच्या लाँड्रीत रोज जाते. खुशाली संपली. आता नीट वाच.

नवी गाडी गुपित आहे म्हणून तुमच्या कंपनीच्या गेटवर सगळ्यांचे फोन काढून घेतात म्हणे. तुझं फावलंच की! फोनवर तरी तू काय ऐकत होतास? मी नळ गळतोय म्हणून ओरडले तर तू ठीक, ठीक म्हणालास आणि मग विचारलंस, जेवलीस का. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रातलं तरी तुझ्या डोक्यात शिरतं.

वीस वर्षं त्या बोंबलणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांत बसून कान घालवलेस. उजवा पार गेला, डावा जायच्या वाटेवर, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. कानाला यंत्र लावा म्हणाले, तर बाहेर येऊन मलाच दटावलंस, की यंत्र दिसलं तर हातातली गाडी काढून घेतील. मी गप्प बसले. आणि आता तू ही बॅटरीवरची शर्यतीची गाडी चालवायला घेतलीस, वर मोठ्या अभिमानानं लिहितोस की अक्का, हिला आवाजच नाही!

गाडीला आवाज नाही आणि चालवणाऱ्याला कान नाहीत. वाटेत कुणी आलं तर त्याला तू ऐकू येणार नाहीस, आणि तो ओरडला तर तुला तो. शिवाय गाडीत सीट एकच. शेजारी बसून कोपर मारायलाही कुणी नाही.

भविष्यातल्या गाडीत काय काय असावं, मनाला येईल ते सांगा, असं वरच्यांनी सगळ्यांना विचारलंय म्हणतोस, आणि तू ते मला विचारतोस. मी जन्मात गाडीच्या पुढच्या सीटवर दोनदा बसले. तरी सांगते. एक, आवाज हवा. दोन, शेजारी सीट हवी. तीन, तू घरी ये.

माया आहे म्हणून बोलते. तुझीही असू दे.

तुझी अक्का


रविवार, ता. ९

ती. अक्कास धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही कलमं वाचली. तिसरं गाडीत बसवता येत नाही. दुसरं मी चष्मेवालीला हळूच विचारून पाहिलं. चष्मेवाली म्हणजे आमची इंजिनीयर, गाडीची सगळी सूत्रं तिच्याकडे. ती म्हणाली की दुसऱ्या सीटनं वजन वाढतं.

सभेत एकेकाची स्वप्नं ऐकायला तू हवी होतीस. एक म्हणाला, छत काचेचं असावं आणि बोट लावलं की काळं व्हावं. दुसऱ्याला चहा पिऊन होईस्तोवर पूर्ण चार्ज होणारी गाडी हवी. रंगारी म्हणाला, मालक चिडला की गाडी लाल व्हावी. टायरला भोक पडलं तर ते आपोआप बुजावं, असंही कुणीतरी म्हणालं. हे सगळं मी फळ्यावर वाचलं. बाकीचे हसले की हसलो. माझी पाळी आली तेव्हा खोकला काढला.

तू घाबरतेस ते उगाच. जुन्या गाडीत बाकीचे कानानं चालवायचे, मी मागे पडत चाललो होतो. या गाडीत सगळेच बहिरे. अक्का, खूप दिवसांनी मी चारचौघांसारखा आहे. हेल्मेटमध्ये एक स्पीकर असतो, टॉवरवरचा माणूस त्यातून सूचना देतो. गुणगुण झाली की मी ठीक म्हणतो. तो त्याच त्या वळणाला तेच ते सांगतो, मला सगळं पाठ आहे. आजवर चुकलं नाही.

पुढच्या सभेत काहीतरी बोलायलाच हवं. एखादी धड गोष्ट सुचव ना.

तुझी माया हेच माझं पेट्रोल. बॅटरी म्हणत नाही, ती संपते.

धाकटा


बुधवार, ता. १२

चि. धाकट्यास अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

विनोद पुरे. न ऐकता ठीक म्हणतोस? आणि तो वरचा माणूस एखाद दिवशी पाठ केलेल्यापेक्षा वेगळं बोलला तर?

मी चादरी धुते. कुठली चादर बाळंतिणीची, कुठली अपघातातल्या माणसाची, हे मला गाठोडं सोडायच्या आधी कळतं. काल अपघातातली एक आली. मी ती हातात धरून उभीच राहिले. मागून मुकादमीण हाका मारत होती, आमच्या मशीनच्या घरघरीत ऐकू येतंय कुणाला! शेवटी तिनं ओल्या फडक्याचा गोळा करून माझ्या पाठीत हाणला. आमच्याकडे हाक मारायची तीच पद्धत. डावीकडून बोलावलं तर डाव्या खांद्यावर, उजवीकडून तर उजव्या.

तेव्हा हे सुचलं. तुझ्या गाडीनं असं करावं. डावीकडून काही आलं तर सीटनं डाव्या अंगाला दणका द्यावा, उजवीकडून आलं तर उजव्या. पायाखालच्या पत्र्यानं पाय आपटावा, मी आपल्या लाकडी जमिनीवर आपटते तसा. तू पाठमोरा असलास तरी गर्रकन वळतोस की नाही? आणि थांबायचं असलं तर समोरचा दिवा लागावा-विझावा, लागावा-विझावा. जेवायला बोलवायला मी बटणाची उघडझाप करते, तसं. कानात गुणगुणणारा माणूस नको. दिवा खोटं ठीक ऐकून घेत नाही.

हे सभेत सांग. आणि त्याच सभेत सांग की तुला ऐकू येत नाही. तुला जमत नसेल तर मी येऊन गेटवर उभी राहीन आणि सांगेन. मला लाज नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

मी रोज गाठोडं सोडताना आधी तुझं नाव घेते. निदान त्याची तरी कदर ठेव.

अक्का


रविवार, ता. १६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आधी शपथ घे की पत्र फाडणार नाहीस.

मी तुझं सगळं सभेत सांगितलं. दणका देणारी सीट, पाय आपटणारा पत्रा, उघडझाप करणारा दिवा. अक्का, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला दिसल्या! चष्मेवाली उठून माझ्याजवळ आली. हे तुम्हाला कसं सुचलं, तुमच्या घरी पाय का आपटतात, असं तोंडासमोर तोंड आणून विचारलं, म्हणून कळलं. माझी बोबडी वळली. आणि तोंडातून निघून गेलं की माझी बहीण बहिरी आहे.

आता ती येत्या बुधवारी तुला भेटायला येणार आहे. ऐकू न येणाऱ्या माणसाला गाडीत काय काय लागेल, ते तुझ्याकडून समजून घ्यायचंय तिला.

एक कप चहापुरती बहिरी हो. तुझ्या पाया पडतो. या आठवड्याअखेर गाडी पूर्ण वेगानं पळवायची आहे आणि चालवणारा मी आहे. त्याआधी हे कळलं तर मला काढतील. मला दुसरं काय येतं, तूच सांग.

शिव्या देऊन झाल्या की पूर्वीसारखीच राहा.

धाकटा


बुधवार, ता. १९, संध्याकाळ

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. हे पत्र चष्मेवालीच आणून देईल. आत्ता ती माझ्याच स्वयंपाकघरात माझ्यासाठी पाणी ओततेय.

तुझ्यासाठी बसले मी बहिरी. तिनं किती वेळ दार वाजवलं, मी उघडलंच नाही. बहिरीला ऐकू कसं येणार! शेवटी बिचारी खिडकीशी येऊन हात हलवायला लागली. आत आली, मोठ्ठं तोंड करून, हातवारे करून विचारायला लागली. पोरगी चांगली आहे. माझ्या हातचा पांचट चहा गोड मानून प्यायली. शेजारी भांडं पडलं तेव्हा मी दचकले, मग गुडघा धरून कळ आल्याचं नाटक केलं. मनात तुला लाखोली वाहत होते.

मग तिचा फोन वाजला. बहिरीसमोर कसली चोरी, तिनं तो मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवला आणि कागदावर लिहीत राहिली. टॉवरवरचा माणूस होता. म्हणाला, मैदानावर दिवे लावून सराव चाललाय आणि गाडीच्या पोटातली बॅटरी तापतेय, आकडा चढतच चाललाय. मी त्याला थांब म्हणून सांगतोय, तो ठीक म्हणतो आणि पुढचा फेरा मारतो. चष्मेवाली म्हणाली की हातातला फेरा संपवत असेल, अनुभवी माणूस आहे, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा तू ठीक म्हणालास.

ते ठीक मी ओळखते रे. नळ गळतोय म्हटल्यावर येतं ते ठीक.

कप कुठे पडला कळलं नाही. मी ओरडले, की मला सगळं ऐकू येतं, ऐकू येत नाही ते त्याला! तुमचा एक शब्द त्याला पोचलेला नाही, जळून जाईल तरी ठीकच म्हणत राहील. मैदानावरचे दिवे घालवा, लावा, घालवा, लावा! ती पोरगी पांढरीफटक पडली. पण एक प्रश्न विचारला नाही, तेच शब्द फोनमध्ये ओरडली.

मग नुसतं थांबायचं होतं. मी लाँड्रीतल्या चादरी डोळ्यांसमोरून हाकलत होते. टॉवरवाला बोलत होता, दिवे गेले, आले, गेले, गाडी पुढेच चाललीय. अजून चाललीय. मग म्हणाला, हळू झाली. मग म्हणाला, थांबली. मग म्हणाला की दार उघडलं, तो बाहेर आला. मी जमिनीवर बसले ती अजून तिथंच बसून लिहितेय.

तुझं गुपित फोडलं. जा, रागव. रागवायला आहेस, एवढं मला पुष्कळ.

अक्का


मंगळवार, ता. २५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागावलो होतो. चष्मेवालीनं तुझं पत्र दिलं ते तसंच खिशात ठेवलं होतं. काल वाचलं.

दिवे जायला-यायला लागले तेव्हा मला वाटलं, अक्का जेवायला बोलावतेय. खरंच तेवढंच वाटलं. पाय आपोआप पेडलवरून वर आला. मग आठवलं की मी मैदानात आहे. उतरून चार पावलं गेलो आणि मागे वळून पाहिलं, तर सीटखालून धूर येत होता. माणसं नळ्या घेऊन धावत होती. सगळ्यांची तोंडं हलत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. अक्का, मला त्यांचं थांब कधीच ऐकू आलं नसतं.

आता तुला लिहितो. गेल्या महिन्यात गवत कापणारा माणूस रस्त्यावर आला होता. तो पाठमोरा होता. अगदी शेवटी दिसला, कसाबसा वाचला. तेव्हापासून हातमोज्यांत माझे तळवे भिजतात. तुला विनोद लिहीत होतो ते त्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी चष्मेवालीनं मला लांबलचक लाकडी व्हरांड्यात उभं केलं आणि माझ्या मागे गेली. तिनं हाका मारल्या म्हणे, वाढत्या आवाजात. मी भिंतीकडे बघत उभा. मग तिनं पाय आपटला. मी गर्रकन वळलो आणि आधी तुलाच शोधलं. ते बघून तिनं चष्मा काढून पुसला.

पळत्या गाडीतून मला काढलं. मोठे साहेब बरंच काही बोलले, ओठांवरून अर्धं कळलं, तेवढं बस झालं. पुढचं ठरेपर्यंत उभ्या गाडीत बसतो. ते सीटला दणके देतात, कुठल्या बाजूनं बसला ते मी सांगतो. गाडी जागची हलत नाही. वाईट वाटतं. कानाला यंत्रही लावलंय. पहिल्यांदा माझाच चावण्याचा आवाज ऐकून दचकलो.

चष्मेवालीनं फळ्यावर तुझ्या गोष्टी सगळ्यांच्या वर लिहिल्या आहेत. आणखी काय हवं, असं तुला विचारायला सांगितलंय.

तू पाय आपटत राहा. मी वळत राहीन.

धाकटा


शनिवार, ता. २९

चि. धाकट्यास अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

यंत्र काढून ठेवलंस तर याद राख.

विचारलंय तर सांगते, चष्मेवालीला वाचून दाखव. छत काळं करा, रंग बदला, चहा होईस्तोवर चार्ज करा, माझं काही म्हणणं नाही. पण शेजारची सीट हवी म्हणजे हवी. वजन वाढतं म्हणाली तर म्हणावं, माणसानं वजन वाढायचंच. दिवा बिघडतो, पत्रा बिघडतो, त्या धुरात सगळंच बिघडलं असतं. शेजारी माणूस हवं.

धूर येणारी गाडी आधी दुरुस्त करा. मग उभ्या गाडीतून तुला पुन्हा चालत्या गाडीत कधी बसवलंच, अगदी बैलगाडीच्या वेगानं का होईना, तर त्या सीटवर पहिली मी बसेन. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. एवढी वाटते की तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण तुझ्याशी बोलायला मला शब्द कधी लागले? गुडघा दुखो नाहीतर मोडो, पाय आपटता येईल.

रविवारी ये. बसनं ये, आणि ड्रायव्हरला शिकवू नकोस.

माझा लोभ तुला टोचतो हे माहीत आहे. टोचू दे.

तुझी अक्का