दात सरळ असल्याचा दाखला

१ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.
साडूकडून जेवून आलो. जेवण बेताचं, अपमान भरपूर.

साडूने बॅटरीवरचा नवीन चेनसॉ घेतलाय. ना पेट्रोल, ना दोरी ओढणं. बटण दाबलं की सुरू. जेवण झाल्यावर सगळ्यांना अंगणात नेऊन त्याने मनगटाएवढं लाकूड कापून दाखवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमचे ते आजोबा अजून आहेत का? आजोबा म्हणजे माझा जुना चेनसॉ. मेव्हणी हसली. ही पण हसली. हिने रुमाल तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते. मी पाहिलं.

मशीन सासऱ्यांचं. त्यांची लाकडाची वखार होती. जाण्याआधी स्पष्ट सांगून गेले, वखार धाकट्या जावयांना आणि मशीन थोरल्या जावयांनाच द्या. थोरला जावई मी. त्या 'नाच'वर जोर होता म्हणे. वखार काय, कोणीही चालवेल. मशीनला हात लागतो. सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं एकच चांगलं वाक्य उच्चारलं, पण एक पुरेसं आहे. अकरा वर्षं त्यावर निघाली.

संकल्प: १ मार्चला ही मंडळी आमच्याकडे जेवायला येणार. त्याच दिवशी परसातलं वाळकं झाड, त्याच मशीनने, साडूच्या नाकावर टिच्चून पाडणार. झाड तसंही हिच्या शिलाईच्या खोलीवर कललंय. भीतीने हिने शिलाई मशीन जेवणाच्या टेबलावर आणलंय आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो. १० मार्चला हिला शाळेच्या गणवेशांची ऑर्डर शिवून द्यायची आहे.

नवीन वही उघडली. सूड-वही. ऑफिसात बावीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय, नोंद न होता काही आत आलेलं मला चालत नाही. आवक क्र. १. नाव: साडू. विषय: 'आजोबा'. कार्यवाही: जिरवणे.

फोनमध्ये त्याचं नाव बदलून 'बॅटरी' केलं. थोडं बरं वाटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार.
मशीन माळ्यावरून काढलं. पुसलं. पेट्रोल, ऑइल घातलं. दोरी चौसष्ट वेळा ओढली. पासष्टाव्या वेळी दोरी हातात आली, मशीन तिथेच राहिलं.

ही म्हणाली, मी बघू का जरा? म्हटलं, तू तुझे गणवेश बघ. लहानपणी वखारीत जायची म्हणे. मी लहानपणी स्टेशनवर खेळायचो, म्हणून काय रेल्वे चालवतो?

रिपेरिंगसाठी हिने पैशांचं एक पाकीट दिलंय. नवीन मशीनचं त्यात फार तर झाकण येईल. म्हणजे रिपेरिंगच. तत्त्व म्हणूनही रिपेरिंगच.

४ फेब्रुवारी.
उजवा खांदा वर जात नाही. ऑफिसात डाव्या हाताने शिक्के मारले. तीन पत्रांवर उलटे पडले. जबाबदार: बॅटरी.

७ फेब्रुवारी, शनिवार.
पंप आणि गवत कापायची मशीन दुरुस्त करणारा एक मिस्त्री सापडला. म्हणाला, इंजिन दणकट आहे, चेन मात्र पार संपलीय. त्याने नवीन दोरी बसवली, कार्बोरेटर साफ केला. नवी चेनही बसवून देतो म्हणाला. मी चेन विकत घेतली, पण बसवणावळ वाचवली. दोन नट उघडायचे, चेन घालायची, नट आवळायचे. त्यात काय आहे?

निघताना म्हणाला, दिशा बघून बसवा. माणूस जरा अंधश्रद्धाळू दिसतो. पण कशाला कोणाला दुखवा, म्हणून घरी येऊन पूर्वेकडे तोंड करून बसवली.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.
तिसऱ्या झटक्याला सुरू!! काय आवाज! गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प. हिच्याकडून फोटो काढून घेतला. हातात मशीन, चेहऱ्यावर हसू. पंधरा दिवसांपूर्वी बसवलेली कवळीही फोटोत झकास दिसतेय. साडू, आता तू संपलास.

तोच दिवस. दुपारी १.
कापत नाही. आवाज आहे, धूर आहे, जळका वास आहे, कापणं नाही. वीस मिनिटं खोडावर दाबून धरलं तेव्हा एक काळी रेघ उमटली. मिस्त्रीने काहीतरी घोळ घातलाय. सकाळचाच फोटो त्याला पाठवला, खाली लिहिलं, 'कापत नाही'. तोच फोटो हिच्या माहेरच्या ग्रुपवरही टाकला, 'आजोबा तयार आहेत. भेटू १ मार्चला.' कापत नाही हे तिथे लिहिलं नाही. गरज नव्हती.

तोच दिवस. संध्याकाळी ५.
मिस्त्रीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो: 'साहेब दात उलटे बसलेत. काढून सरळ लावा.'

डोक्यात तिडीक गेली. मी याला मशीनबद्दल विचारतोय आणि हा माझी कवळी काढतोय! याला कवळी आहे हे कळलं कसं?

ग्रुपवर बघतो तर तिथेही तेच. बॅटरी: 'दात उलटे!!' पुढे तीन हसरे चेहरे. मेव्हणी: 'भावोजी, दात उलटे आहेत हो.' हिचा मामेभाऊ, जो वर्षानुवर्षं ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही, त्याने लिहिलं, 'दात'. नुसतं 'दात'. सगळं खानदान वखारीतलं, बोलण्यात रंधा मारलेला नाही.

ग्रुप सोडला. आवक क्र. २ मिस्त्री, ३ बॅटरी (दुसऱ्यांदा), ४ मेव्हणी, ५ मामेभाऊ. सर्वांचा विषय: दात.

९ फेब्रुवारी, सोमवार.
आज चहा पिताना ही म्हणाली, अहो, खरंच दात उलटे बसलेत, द्या, मी सरळ करून देते. सख्खी बायको! कवळी पसंत करताना हीच शेजारी बसली होती! पुढे 'चेनचे, चेनचे' असं काहीतरी म्हणत होती. म्हटलं, चेन गेली खड्ड्यात, आता प्रश्न इभ्रतीचा आहे.

अबोला धरला. मशीन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आवक क्र. ६. हिचं नाव लिहिताना हात जड झाला, पण नियम सर्वांना सारखा.

११ फेब्रुवारी, बुधवार.
आरशासमोर चाळीस मिनिटं. समोरून सरळ. बाजूनेही सरळ. खालून बघायला हिचा हातात धरायचा आरसा लागला असता, पण अबोला. शंका मात्र शिरली ती शिरलीच. ऑफिसात दिवसभर तोंड उघडलं नाही. साहेबांनी विचारलं, ते पत्र गेलं का? मान हलवली. पत्र गेलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार.
दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी टॉर्च मारून वर-खाली पाहिलं. दात एकदम सरळ आहेत म्हणाले. म्हटलं, लेखी द्या. म्हणाले, तीस वर्षांत असं कोणी मागितलं नाही. म्हटलं, तीस वर्षांत कोणाचा असा छळही झाला नसेल. शेवटी लेटरहेडवर लिहून दिलं: 'यांचे वरचे व खालचे दात योग्य दिशेने बसवलेले आहेत.' खाली सही, शिक्का. शिक्काही सरळ.

किती दिवसांनी पोटभर जेवलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार.
जिरवली!

दुकानात पाच गिऱ्हाइकं असताना गेलो आणि दाखला मिस्त्रीच्या समोर आपटला. त्याने तो दोनदा वाचला. उलटा करून मागे पाहिलं. मग विचारलं, डॉक्टरांनी मशीन बघितलं का? मी ठणकावून सांगितलं, मशीन कशाला बघतील, त्यांनी तोंड बघितलं! मिस्त्री बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग काउंटरच्या मागे खाली बसला. खांदे हलत होते. रडला असावा. मला एवढी अपेक्षा नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा मागून ओरडून काहीतरी सांगत होता, चेन, चेन. माफीचं असणार. वळून पाहिलं नाही. त्या भरात दाखला तिथेच राहिला, असू दे, रोज वाचेल. आवक क्र. २ निकाली.

२२ फेब्रुवारी, रविवार.
काल वारा सुटला होता. झाड करकरलं. खोलीच्या पत्र्याचा एक कोपरा वाकलाय. हिने कापडाचे गठ्ठे आमच्या झोपायच्या खोलीत आणले. मी आता सहा डझन गणवेशांच्या शेजारी झोपतो.

हिने किल्ली मागितली. सरळ हात पुढे करून, एका शब्दात. चेहरा उतरलेला होता. पहिल्यांदाच एवढी मोठी ऑर्डर मिळालीय म्हणाली, पत्रा खाली आला तर शाळा पुन्हा विचारणार नाही. मला कसंतरीच झालं. तरी म्हटलं, १ मार्च म्हणजे १ मार्च.

चेनचं कारण माझ्या लक्षात आलंय. नवीन आहे ती. नव्या चपलेसारखी रुळायला वेळ घेणार. १ मार्चपर्यंत कपाटात रुळेल.

त्या दिवसासाठी चार शब्द लिहून काढले. तीन पानं झाली.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.
लिहायचं नव्हतं. पण नोंद ती नोंद.

मंडळी बाराला आली. बॅटरी आपलं मशीन घेऊनच आला होता, ते मी गाडीतच ठेवायला लावलं. तीन पानांपैकी दीड वाचून झालं तेव्हा मेव्हणी म्हणाली, भावोजी, भूक लागलीय. मग मशीन काढलं. दुसऱ्या झटक्याला सुरू. खोडाला लावलं. धूर. दाबलं. आणखी धूर. जुन्या काळ्या रेघेच्या शेजारी नवी काळी रेघ. परसात कोणाला कोणी दिसेना. मेव्हणी खोकत घरात गेली. मी दाबतच होतो.

मग खांद्यावर हात पडला. ही. मशीन बंद केलं आणि माझ्या हातातून काढून घेतलं. मी दिलं. का दिलं माहीत नाही. ओट्यावर बसून हिने दोन नट सोडले, झाकण काढलं, चेन काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. एवढंच म्हणाली, हे दात. आणि चेन फिरवून बसवली.

चेनला दात असतात. म्हणजे मला माहीत होतं. माहीत होतंच. पण त्यांना कोणी दात म्हणत असेल, आणि मिस्त्रीपासून मामेभावापर्यंत सगळे त्यांनाच म्हणत असतील, हे डोक्यात शिरायला तिथे उभ्या उभ्या बराच वेळ लागला. दाखला आठवला. कान तापले.

बॅटरीचं पातं टीचभर, त्या खोडाला पुरणारं नव्हतं. तेव्हा आजोबाच. हिने झाडाला वर दोरी बांधायला लावली, म्हणजे झाड पत्र्यावर न येता मोकळ्या बाजूला ओढता येईल. दोरीला कोण? मी आणि बॅटरी. हिने चष्मा लावला, पाय रोवले, एका झटक्यात मशीन सुरू केलं आणि खोडात खाच घेतली. भुसा असा उडाला की मला पहिल्यांदा कळलं, कापणं म्हणजे काय.

दोरी धरल्या धरल्या बॅटरी म्हणाला, वखारीत हिच्याइतकं सरळ कोणी कापत नव्हतं. सासरे म्हणायचे, मशीन थोरलीच्याच हातचं. पण तिला दिलं तर जावयांना लागेल. म्हणून म्हणाले, थोरल्या जावयांनाच द्या. ते काही चालवायचे नाहीत, आपोआप तिच्याकडे जाईल.

म्हटलं, 'नाच'वर जोर होता. तो म्हणाला, हो, तो त्यासाठीच.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, नोंद करता आली असती. उलट म्हणाला, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सासऱ्यांनी माझं मन जपलं, असंही म्हणता येईल. दोन-तीनदा तसं म्हणून बघितलं. जमलं नाही.

तेवढ्यात ही ओरडली, ओढा! आम्ही दोघांनी ओढलं. झाड हिने बोट दाखवलं होतं तिथे, अगदी तिथेच पडलं. पत्र्याला धक्का नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण दोरी हातातच होती.

८ मार्च, रविवार.
शिलाई मशीन खोलीत परत गेलं. आज टेबलावर बसून जेवलो. गणवेश सहाही डझन तयार, परवा द्यायचे. ग्रुपमध्ये मेव्हणीने परत घेतलंय. दातांबद्दल कोणी काही लिहिलं नाही. मामेभावानेही नाही.

मिस्त्रीकडे दाखला परत मागायला गेलो. त्याने तो काउंटरच्या काचेखाली लावलाय. नाही देत म्हणाला. झाड शेवटी कोणी पाडलं विचारलं, सांगावं लागलं. मग त्याने हिचा नंबर मागितला. त्याच्या एका गिऱ्हाइकाचं वाळकं झाड आहे, बाई येतील का?

बाई येणार आहेत. तारीख, पत्ता, झाडाची जाडी मी लिहून घेतली. वेगळी वही कशाला, सूड-वहीची बरीच पानं कोरी आहेत. आवक क्र. ७.

दुपारी हिने चेन साफ करून पुन्हा बसवायला दिली. बसवली. पूर्वेकडे तोंड न करता. खोलीतून हिने विचारलं, दात नीट बघितलेत ना?

माझा हात आधी तोंडाकडे गेला.