जानकीच्या हातचं

तारकर्ली, ४ मे १९५८

ती. अक्कास,
जानकीचा कृ. सा. न. वि. वि.

थोरल्या आनंदीच्या विषमज्वराचा आज अकरावा दिवस. मागल्या वर्षी माझे दीर भावोजी याच तापाने गेले, त्याआधी सासूबाई त्यानेच अंथरुणाला खिळल्या होत्या. हे बोटीवर, घरात तिसरं मोठं माणूस नाही. धाकटा बाबली अजून धड आहे, पण त्याचं कपाळ जरा गरम लागलं तरी मी रात्रभर उशाशी बसते.

तुझ्या इस्पितळासारखं फिनेल सासूबाई चुलीजवळ येऊ देत नाहीत, दुधालाही त्याचा वास लागतो. म्हणून भांडी राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासते, आधणातून काढते, उन्हात वाळवते. फडकी उकळते, पाट्यावर कढत पाणी ओतते, भिंतीला चुना लावला. बोटांची सालं निघाली. लहानपणी मला गबाळी म्हणायचीस, आता येऊन बघ. तरी हा ताप येतो कुठून? तू नर्स आहेस, माझं काय राहिलं ते कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
जानकी

कोल्हापूर, ९ मे १९५८

चि. सौ. जानकीस,
अ. उ. आ.

गबाळी हा शब्द परत घेते. इतकी स्वच्छता आमच्या वॉर्डातही नाही. प्यायचं पाणीही उकळ, आनंदीची भांडी वेगळी ठेव.

पुढचं लिहायला जड जातंय. लग्नाआधी माहेरी, कट्टा गावी, तू चाळीस दिवस याच तापात होतीस. बऱ्या झालेल्या काही माणसांच्या पोटात ते जंतू वर्षानुवर्षं राहतात. त्यांना काही होत नाही, त्यांच्या हातचं खाणाऱ्यांना होतं. कुडाळच्या डॉक्टरांकडून तपासून घे. निकाल येईपर्यंत रांधू नकोस, पोरांना भरवू नकोस, साबणाने हात धूत जा. माझा अंदाज खोटा ठरो.

मनातून रागावू नकोस.
तुझीच, सुभद्रा

तारकर्ली, १५ जून १९५८

ती. अक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझा अंदाज खरा ठरला. आनंदीचा ताप उतरला, बाबलीही बरा आहे. महिनाभर चूल सासूबाईच बघतात.

त्यांना मी सगळं सांगितलं. दिवसभर घासणाऱ्या हातांत रोग खंयसून येतलो, म्हणून त्या हसल्या. डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, तर डॉक्टराक काय कळता म्हणाल्या. अक्का, भावोजी आजारी पडायच्या आधीपासून रोजची पेज माझ्याच हातची होती. मला झोप लागत नाही.

त्यात नवस निघाला. आनंदी उठली की जानकीच्या हातचं वाडीतल्या पोरांना जेवू घालीन, असं त्यांनी देवीला सांगून ठेवलं होतं. गेल्या सोमवारी चाळीस पोरं यायची होती. मी पाया पडले, रडले. नवस मोडला तर आनंदी हातची जाईल म्हणून त्याही माझे हात धरून विनवू लागल्या.

आदल्या दिवशी, रविवारी, त्या घावन घालत होत्या. मी जवळ गेले आणि बिडाच्या तापल्या तव्यावर उजवा तळवा टेकवला. पाय घसरला म्हणून सांगितलं.

त्यांनी देवीकडे मुदत मागून घेतली आहे, माझा हात बरा होईपर्यंतची. रोज स्वतः खोबरेल लावतात. डाव्या हाताने लिहिलंय, अक्षर लावून घे. फोड सुकत आले आहेत. तू लवकर ये.

माझ्यावरची माया तुटू देऊ नकोस.
जानकी