दुसरा नळ

शबॉयगन, विस्कॉन्सिन
९ ऑक्टोबर

प्रिय एल्डन,

तिकडे ॲरिझोनात तू आणि मार्गो मजेत असाल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद हाती घेतला. आम्ही ठीक. मेपलची पानं गळायला लागलीत आणि चर्चमध्ये शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला अजून तीच झुंबड असते.

मुद्द्याचं सांगते. तळघरातला तुझ्या बाबांचा हिरवा फ्रिज, दाराला बिअरचा नळ असलेला, तुझ्या भावाने पुन्हा चालू केलाय. हो, तोच. तुला वाटेल, वहिनी जखमेवर मीठ चोळतेय. तसं नाही रे.

एका फ्रिजवरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकावं, हे मला अजून खरं वाटत नाही. घरी बनवलेल्या तुझ्या बिअरसाठी तू बाजूला दुसरा नळ बसवायला गेलास आणि पत्र्याआडच्या, फ्रिज गार ठेवणाऱ्या वायूच्या नळीतच ड्रिल घातलंस. फुस्स! नॉर्बर्ट भर पाहुण्यांत ओरडला, "ड्रिल धरायची अक्कल नाही आणि निघालाय बिअर बनवायला! बाबांची शेवटची वस्तू मारलीस, गाढवा!" तू कोट उचलून गेलास तो गेलासच. तेव्हापासून मी त्यात रंगाचे डबे ठेवत होते.

यंदा त्याने डबे बाहेर काढले. गंज घासला, दाराचं रबर बदललं, एका छोट्या फ्रिजचं यंत्र काढून यात बसवलं. बिअरच्या नळ्या तर इतक्या वेळा धुतल्या की मी म्हटलं, "एवढी काळजी कधी माझी घेतली असतीस तर!" नुसता हसला.

हल्ली कमी बोलतो तो. थोडा वाळलाय.

कमी कसलं, एल्डन, बोलतच नाही. उन्हाळ्यात घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. पाटीवर लिहून सांगतो. जेवण पोटातल्या नळीतून जातं, तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि आता ते फुप्फुसात उतरलंय. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मोडली. मला नाही राहवत आता.

शनिवारी त्याने बिअरचं पिंप नळाला जोडलं. पहिला ग्लास सगळा फेसच. पिंपातल्या वायूचा दाब कमी केला, ग्लास पुन्हा भरला, पुन्हा ओतला. मग मात्र वर दोन बोटं फेस आणि खाली सोन्यासारखी बिअर. खिडकीशी धरून पाहिली, डोळे मिटून नाकाशी नेली आणि ग्लास माझ्यापुढे केला. मला बिअर घशाखाली उतरत नाही, तुला माहीतच आहे. तरी घोट घेतला आणि म्हटलं, "छान झालीय."

त्याने पाटीवर लिहिलं, "तुला काय डोंबल कळतंय!"

मी हसले. त्याने ते पुसलं आणि लिहिलं, "एल्डनला कळलं असतं."

मग उरलेली बिअर मोरीत ओतली आणि पाठ करून ग्लास विसळत बसला. किती वेळ एकच ग्लास विसळत होता. मला रडू आवरेना, म्हणून मी वर निघून आले.

तू पाडलेलं भोक तो बुजवेल असं मला वाटलं होतं. त्याने त्यातच नळ बसवलाय. मूठही स्वतः कोरली, बर्फावरच्या मासेमारीला बाबा जी काठी न्यायचे तिच्या लाकडाची. आत दुसऱ्या पिंपाची जागा रिकामी ठेवलीय. परवा शेजारचा क्लेटन तिथे सोड्याच्या बाटल्या ठेवायला गेला, तर नॉर्बर्टने त्याचा हात धरला. पाटी घेतली नाही, काही लिहिलं नाही. नुसती मान हलवली.

बिअर तयार व्हायला महिना लागतो, असं तू म्हणायचास. डॉक्टर तेवढाही धरत नाहीत. तयार असेल तर घेऊन ये. नसेल तर तसाच ये, पण ये.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी वहिनी
व्हर्ना